आजारपणानंतर राजीनामा मागतात, द्यावा का?

प्रश्न : माझे वडील एका सरकारी महामंडळात चालक आहेत. पक्षाघाताने उजवा हात अधू झाला. वैद्यकीय रजा संपली आणि तपासणीत ते चालकपदासाठी अपात्र ठरले. साहेब म्हणतात, ‘राजीनामा द्या, पैसे लवकर सुटतील.’ कोर्टात दाद मिळेल का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आधी एक करा, वडिलांना राजीनाम्यावर सही करू देऊ नका. स्वखुशीचा राजीनामा एकदा फायलीला लागला की पुढची लढाई फार अवघड होते.

गाडी चालवता येत नाही, म्हणून नोकरीच संपली असे होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 20(4) सांगते, की सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत झेपेल असे दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पदावर ठेवायचे. सरकारी मालकीची महामंडळेही यात येतात.

‘कुणाल सिंह विरुद्ध भारत सरकार’ हा 2003 चा निकाल वकिलांना जरूर दाखवा. कर्तव्यावर जखमी झालेल्या शिपायाचा पाय कापावा लागला आणि त्याला रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे निवृत्तिवेतन दिले म्हणून कायद्याचे संरक्षण जात नाही. तेव्हा 1995 चा कायदा होता. त्यातले कलम 47 याच आशयाचे. 2025 मध्ये तेलंगणच्या परिवहन महामंडळातील एका चालकाला रंगांधळेपणामुळे घरी बसवले होते. त्यालाही पर्यायी काम देण्याचा आदेश याच न्यायालयाने दिला. पर्यायी काम शोधण्याची जबाबदारी मालकाची आहे. आजारातून उठलेल्या माणसाने त्यासाठी हात जोडत फिरायचे नसते.

खासगी कारखान्यातल्या कामगाराला मात्र कलम 20(4) चा आधार नाही. पक्षाघात नोकरी पाहून येत नाही, मग हा भेद का? ही उणीव संसदेने दूर करायलाच हवी.

वडिलांसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढा. ‘समान वेतनश्रेणीत पर्यायी काम द्यावे’ असा लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावाच लागतो. त्यालाही प्रत द्या. दाद न लागल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. उच्च न्यायालयाचा मार्गही खुला आहे, आणि तिथे हाच शिक्का मारलेला अर्ज पहिला पुरावा ठरेल.