फुटलेला कन्सोल आणि हमीचा दावा

रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती



गेम कन्सोलची वॉरंटी म्हणजे तो वर्षभर बंद पडणार नाही याची खात्री नव्हे. कारखान्यातून निघतानाच त्यात एखादा दोष राहून गेला असेल आणि तो मुदतीत उघड झाला, तर कंपनी तो आपल्या खर्चाने दूर करील, एवढीच ती हमी असते. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेतून आणलेले संत्र्याचे कलम जंभेरीच्या खुंटावर डोळा नीट भरला नव्हता म्हणून वाळले, तर रोपवाटिकावाल्याने दुसरे द्यावे. बैलाने खाल्ले तर त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही. भांडण लागते ते बैलानेही तोंड लावले आहे आणि डोळाही कच्चाच आहे अशा कलमाचे. फुटलेल्या कन्सोलचे बहुतेक दावे याच जातीचे असतात.

अशा दाव्यात विचारायचा प्रश्न एकच: जी फूट दिसते तिच्यामुळेच बिघाड झाला आहे काय? कन्सोल टेबलावरून पडला, एचडीएमआय पोर्टची आतली जीभ वाकली आणि टीव्हीवर चित्र येईना, तर फूट आणि बिघाड यांचा संबंध सरळ आहे. तिथे हमी लागू होत नाही आणि तसा दावा करूही नये. पण कवचाच्या कोपऱ्याला जुना टवका आहे, आणि सहा महिन्यांनी डिस्क आत जाईना किंवा पंखा फिरेना झाला, तर टवक्याचा पंख्याशी काय संबंध, हे दाखवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर यायला हवी. “बाह्य हानी आढळल्यास हमी रद्द” हे वाक्य सर्व्हिस सेंटरवर फार सैल हाताने वापरले जाते. टवक्यापोटी सगळ्या यंत्राची हमी काढून घेणे न्यायाचे नाही. कागदावरची अट काहीही असो, ग्राहकाने कारणाच्या मुद्द्यावरून हलू नये.

दोष की गैरवापर, हा वाद जगात सर्वांत गाजला तो एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत. नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या या कन्सोलवर तीन लाल दिवे लुकलुकत आणि यंत्र कायमचे बंद पडे. प्रारंभी एकेक ग्राहक आपापल्या यंत्राला दोष देत राहिला. काहींनी तर यंत्र टॉवेलात गुंडाळून तापवण्याचा उपाय केला. त्याने ते घटकाभर चालेही, आणि आग लागण्याचा धोका वेगळाच. शेवटी जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या एका बिघाडापुरती हमी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. वाढीव हमी त्या वेळी फक्त त्या लाल दिव्यांना होती; बाकीच्या बिघाडांची मुदत तेव्हा होती तेवढीच राहिली. याच यंत्राविषयी दुसरी तक्रार अशी की फिरती डिस्क आतल्या आत खरवडली जाते. कंपनीचे उत्तर होते की डिस्क फिरत असताना लोक यंत्र हलवतात, म्हणून असे होते. अशी तक्रार फक्त ०.४ टक्के यंत्रांबाबत आली आहे, असेही कंपनीचे म्हणणे होते. या तक्रारीवरून ग्राहकांनी भरलेला खटला २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण तिथे निर्णय झाला तो अपील कोणत्या वाटेने करता येते यावर. दोष खरा होता की नाही, हे त्या न्यायालयाने सांगितलेच नाही. एवढे मोठे वकील असून मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो, हे दावा करणाऱ्या एकट्या ग्राहकाने ध्यानात ठेवावे आणि पुरावा आधीपासून जमवावा.

पुरावा खरेदीच्या दिवशीच सुरू होतो. पक्के बिल घ्यावे, त्यावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, आणि तो खोक्यावरच्या व यंत्रावरच्या नंबराशी जुळतो की नाही ते दुकानातच पाहावे. जीएसटी वाचवण्यासाठी बिलावाचून घेतलेला कन्सोल स्वस्त पडत नाही. हमीची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात, आणि तारीखच नसेल तर मोजणार कुठून? शिवाय बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुबईहून पाहुण्याच्या बॅगेतून आलेल्या यंत्राची गोष्ट निराळी. निर्मात्याची हमी बहुधा ज्या देशात माल विकला त्या देशापुरती असते, तेव्हा अशा यंत्रासाठी भारतातल्या सर्व्हिस सेंटरशी भांडण्यात दम नाही.

ऑनलाइन मागवलेल्या खोक्याचा फोटो सील तोडण्यापूर्वी सर्व बाजूंनी काढावा आणि उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता घ्यावा. खोके चेपलेले असेल तर पोचपावतीवर तसे लिहूनच सही करावी. प्रवासात झालेली फूट ही निर्मात्याच्या हमीची बाब नसून विक्रेत्याची आहे, कारण त्याने धड माल पोचवायचा होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचे कळवून महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा असतो. दुकानदाराचेही तसेच. बिलावर परतीची मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित प्रथाच ठरते. “आमचा संबंध संपला, कंपनीकडे जा” हे उत्तर पहिल्या महिन्यात तरी ऐकून घेऊ नये.

वऱ्हाडात काही बिघाड हवामानातून आणि विजेतून येतात, आणि त्यांनाच सर्व्हिस सेंटर गैरवापर म्हणते. प्लेस्टेशन ५ च्या सूचनापत्रात ते ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे असे छापलेले असते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो; पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता चालवलेले यंत्र म्हणजे कंपनीच्या हाती दिलेले आयते उत्तर. लोडशेडिंगनंतर वीज परत येताना दाब उसळतो, आणि पावसाळी विजांचा धोका असतोच. विजेच्या दाबाने जळालेला पॉवर सप्लाय बहुतेक हमीपत्रांत वगळलेला असतो, तसेच आत शिरलेले पाणी, मुंग्या आणि झुरळेही. धड आर्थिंग, दाबाचा झटका अडवणारे सॉकेट आणि उन्हाळ्यात संध्याकाळनंतरचा खेळ, एवढ्यावर निम्मे वाद टळतात. कंट्रोलरची काठी आपोआप सरकू लागणे हे मात्र पडझडीशिवायही होते, कारण आतला संवेदक झिजतो. कंपनी त्याला वापराची झीज म्हणते. दोन वर्षांनी ते पटेल. तिसऱ्या महिन्यात काठी सरकू लागली तर तिला दोषच म्हणावे लागेल.

यंत्र फुटल्यावर पहिले काम म्हणजे ते बंद करून प्लग काढणे. मग सगळ्या बाजूंनी फोटो, आणि काय झाले याची दोन ओळींची तारीखवार नोंद. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी ज्याने पाहिले आणि ज्याने ऐकले त्याला विचारून विचारून लीळा लिहिल्या, तिथल्या पोराला नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पडल्याचे मात्र लपवू नये. उघडलेल्या यंत्रात तुटलेला खिळा, सुटलेली पट्टी किंवा तडकलेला सोल्डर तंत्रज्ञाला दिसतोच, आणि एक खोटे सापडले की त्याच यंत्रातल्या खऱ्या दोषाचाही दावा बुडतो. यंत्र सर्व्हिसला देण्याआधी खेळांची जतन केलेली प्रगती क्लाउडवर चढवावी. प्लेस्टेशन ५ चे अंगभूत स्टोरेज मुख्य बोर्डावरच जोडलेले असते, म्हणून बोर्ड बदलला की आतले सारे जाते. मूळ थर्मोकोलसह मूळ खोक्यातच यंत्र न्यावे. एसटीच्या धक्क्यांत नव्याने तडकलेला कोपरा कंपनी मान्य करणार नाही, आणि तो जुना की नवा हे सिद्धही करता येणार नाही.

पुढचे सगळे ठरते ते जॉब शीटवर. काउंटरवरचा मुलगा घाईत “फिजिकल डॅमेज” असे दोन शब्द लिहितो आणि ग्राहक न वाचता सही करतो. नंतर ग्राहक आयोगात तोच कागद समोर येतो. सही करण्याआधी वाचावे. डाव्या मागच्या कोपऱ्याला एक सेंटिमीटरचा टवका, एवढेच खरे असेल तर एवढेच लिहायला लावावे, आणि बिघाडाचे वर्णन वेगळ्या ओळीत आपल्या शब्दांत टाकावे. कोणी ऐकत नसेल तर सहीशेजारी “हानीचे वर्णन मान्य नाही” असे लिहून त्याचा फोटो घ्यावा. दावा नाकारला गेल्यास नकार कारणासह लेखी मागावा. कोणता भाग निकामी झाला, बाहेरच्या फुटीने तो कसा निकामी झाला, आणि पैसे देऊन दुरुस्ती केली तर किती लागतील, हे तिन्ही त्यात यावे. खर्चाचा अंदाज मान्य करण्याचे बंधन नसते. तपासणीचे शुल्क आधीच विचारून घ्यावे आणि यंत्र जसेच्या तसे परत मागावे.

लेखी नकार हाती येईपर्यंत यंत्र बाहेरच्या कारागिराला उघडू देऊ नये. इथे एक खटला आठवणीत ठेवण्यासारखा आहे. बियाणे उगवले नाही म्हणून शेतकऱ्यांनी केलेल्या तक्रारींत नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले की, आणलेले सगळे बियाणे शेतकरी पेरून टाकतो, प्रयोगशाळेसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. ती सवलत शेतकऱ्याला मिळाली, कारण त्याच्याजवळ नमुनाच उरत नाही. कन्सोलवाल्याजवळ पुरावा अख्खा उरतो. तो त्याने स्वतःच खोलून सोल्डर करून बदलला, तर त्या निकालाचा आधार घेता येणार नाही. नकार मिळाल्यानंतर, बिघाड खरोखरच पडल्यामुळे झाला असेल तर, अमरावतीत किंवा नागपुरात हात बसलेल्या कारागिराकडून पोर्ट बदलून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. कंपनीचा अख्खा बोर्ड बदलण्याचा खर्च बहुधा अवाच्या सवा असतो. काही उघडणे कंपनीला स्वतःलाच मान्य असते: प्लेस्टेशन ५ चे पांढरे झाकण काढून जादा एसएसडी बसवण्याची सोय सप्टेंबर २०२१ पासून सर्वांना खुली आहे. “सील काढल्यास हमी रद्द” अशा स्टिकरांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशारा दिला, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिघी होत्या. पण तो इशारा तिकडच्या कायद्याखालचा. भारतात केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यावर कंपन्यांची दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती एकत्र पाहता येते. स्टिकर निष्प्रभ ठरवणारा कायदा म्हणून मात्र त्याकडे पाहू नये.

दुकानात गळ्यात मारली जाणारी “एक्स्टेंडेड वॉरंटी” नीट वाचून घ्यावी. ती दोषाच्या हमीची मुदत लांबवते, पडझडीला ती उपयोगी नाही. पडणे, सांडणे आणि जळणे यांसाठी अपघाती हानीचे वेगळे संरक्षण असते, आणि ते मूलतः विम्याच्या स्वरूपाचे असते: घसारा वजा होतो, पहिली काही रक्कम ग्राहकाने सोसायची असते, आणि घटना किती दिवसांत कळवायची तेही ठरलेले असते. घरात लहान भावंडे आणि टीव्हीशेजारी मोकळी वायर असेल तर हेच घ्यावे, पहिले नाही.

एवढे करून दोष खरा आणि नकार खोटा असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीच्या वरच्या कार्यालयापर्यंत कागद पोचतो आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. त्यानंतर लेखी नोटीस, आणि मग अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने केलेली सर्वांत मोठी सोय अशी की ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा आणि कंपनी गुरुग्रामची असली तरी रिद्धपूरच्या माणसाला मोर्शी तालुक्याच्या जिल्ह्यातच दाद मागता येते. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कन्सोल काही पाच लाखांचा नसतो. वकील लागतोच असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. भेट मिळालेल्या यंत्राबाबत, खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच ठरतो. पण चार कन्सोल मांडून तासावर पैसे घेणाऱ्याला, तो धंदा स्वतःच्या हाताने केवळ पोटासाठी चालवतो हे दाखवावे लागेल. नाही तर तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग यंत्र योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, तिचा अहवाल ४५ दिवसांत यावा अशी तरतूद आहे, आणि तिचे शुल्क तक्रारदाराला आधी भरायला सांगितले जाऊ शकते. टवक्याचा पंख्याशी संबंध नाही हे तिसऱ्या माणसाकडून लिहून मिळण्याची हीच जागा, म्हणून त्या शुल्कात काटकसर करू नये. निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी असल्यास पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरून चालावे. आयोग दोष दूर करायला, यंत्र बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो, आणि नुकसानभरपाईही देऊ शकतो. विरुद्ध पक्षाला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, त्याचे खंडपीठ नागपूरला आहे. मात्र अपील करताना जिल्हा आयोगाने ठरवलेल्या रकमेपैकी निम्मी त्याला आधी भरावी लागते.

— मामा