‘युटिल’चं करायचं काय?

प्रश्न : आम्ही काही मित्र गो भाषेत एक ओपन सोर्स प्रकल्प चालवतो. दोन-तीन ठिकाणी लागणारं कुठलंही फंक्शन आम्ही ‘युटिल’ पॅकेजात टाकतो. एका जाणकारांनी ते पाहून नाक मुरडलं. यात गैर काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाक मुरडणारे ते एकटे नाहीत. ‘युटिल’, ‘कॉमन’, ‘मिस्क’ ही नावं टाळा, असं गोच्या चमूनेच 2015 मध्ये सांगितलं होतं. पण नाव राहू द्या. खरी गोची डिपेंडन्सीची आहे. तारीख छापणाऱ्या फंक्शनशेजारी डेटाबेसशी बोलणारं फंक्शन ठेवलंत, तर नुसत्या तारखेसाठी आलेल्याच्या गळ्यात डेटाबेसचा ड्रायव्हरही पडतो. पुढे ‘युटिल’ला तुमचंच एखादं पॅकेज लागतं, त्या पॅकेजाला तर ‘युटिल’ आधीपासूनच हवं असतं. असा फेरा झाला की गोचा कंपायलर सरळ नकार देतो.

कुबरनेटीसचं उदाहरण पाहा. गूगलने 2014 मध्ये खुल्या केलेल्या या अवाढव्य प्रकल्पाने काही सामायिक पॅकेजं वेगळ्या रिपॉझिटरीत काढली. तिचं नाव ‘युटिल्स’च आहे, हा विनोद सोडून द्या! पण तिथे प्रवेशाची अट कडक आहे : कुबरनेटीसवर अवलंबून असलेलं काही आत यायचं नाही. आत कामानुसार वाटण्या आहेत. ‘क्लॉक’ पॅकेज घ्या. त्यात चाचणीसाठी खोटं घड्याळ मिळतं, म्हणजे तासाभराने घडणारी गोष्ट तासभर न थांबता तपासता येते. हे कोणालाही उपयोगी पडावं.

उलटं टोक, म्हणजे इवल्याशा कामासाठीही वेगळं पॅकेज, तेही वाईटच. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड कोसळले. चार ओळींसाठी डिपेंडन्सी घेण्यापेक्षा त्या ओळी सरळ उतरवून घ्याव्यात, असं माझं मत.

तुम्ही आधी सगळं ‘इंटर्नल’ फोल्डरमध्ये हलवा. गो 1.5 पासून अशा फोल्डरमधलं पॅकेज बाहेरच्या प्रकल्पाला इम्पोर्टच करता येत नाही. त्यामुळे हवी तशी मोडतोड करायला तुम्ही मोकळे. मग कामाप्रमाणे वाटण्या करा. बाहेरून खरोखर मागणी आली, तरच एखादं पॅकेज उघडं करा. आवृत्ती शून्यावर आहे तोवर हे उरकून घ्या. एकदा 1.0 जाहीर केलीत की जुना कोड मोडणाऱ्या बदलासाठी आवृत्ती 2 काढावी लागेल, आणि गोमध्ये त्यासाठी इम्पोर्टचा पत्ताच बदलतो.