कळंगुटच्या किनाऱ्यावरील बदलती भोजनगृहे

बार्देश तालुक्यातील कांदोळी, कळंगुट आणि बागा या गावांना कवेत घेणारा किनारा आज साऱ्या देशास परिचित आहे. समुद्र, वाळू आणि माड पाहण्यासाठी पर्यटक येथे येतो. परंतु घरी परतल्यावर तो ज्या गोष्टी पुनःपुन्हा सांगतो, त्यांत जेवणाचा क्रम बराच वरचा असतो. बांगडा ताजा होता की शिळा, ताट-वाटी स्वच्छ होती की नाही, घेतलेले पैसे रास्त होते की अवाजवी, यांवरून तो संपूर्ण गावाविषयी आपले मत बनवितो. किनाऱ्यावरील भोजनगृहांचा प्रश्न हा म्हणूनच केवळ मालक व गिऱ्हाईक यांच्यापुरता उरत नाही. रापणकार, माडांचा बागायतदार, पहाटे पाव घेऊन फिरणारा पोदेर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची-मसाला विकणारी स्त्री, या सर्वांची चूल त्या भोजनगृहाच्या चुलीशी जोडलेली असते. ही जोड कशी निर्माण झाली, कोठे सैल पडली आणि ती पुन्हा कशी घट्ट करता येईल, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

घरगुती चुलीचा काळ

पर्यटन हा शब्द रूढ होण्यापूर्वीही कळंगुटला पाहुणे येत असत. एप्रिल-मे महिन्यांत पणजी, म्हापसा, मडगाव येथील सुखवस्तू कुटुंबे हवापालटासाठी समुद्रकाठी घर घेऊन राहत. त्यांचा स्वयंपाक बहुधा घरच्या घरीच होई. बाहेर खावयाचे तर किनाऱ्यालगतची मोजकी तावेर्ने व खानावळी असत. आजही चालू असलेले कळंगुटचे सौझा लोबो हे भोजनगृह १९३२ सालचे आहे. यावरून या व्यवसायाची मुळे किती जुनी आहेत, याची कल्पना येते.

अशा ठिकाणी पदार्थांची छापील यादी नसे. सकाळी रापणीत जे सापडले, तेच दुपारी ताटात येई. बांगडे मिळाले तर तिरफळे घातलेले हुमण, तिसऱ्या मिळाल्या तर त्यांचे सुके, मोरी मिळाली तर आंबट-तिखट. वाटण दगडी रगड्यावर होई आणि आंबटपणासाठी भिंडाची सोले किंवा माडाच्या सुरेपासून तयार केलेला शिरका वापरला जाई. निवड थोडी होती. परंतु मासळी जाळ्यातून काढल्यापासून शिजेपर्यंत फार तर काही तास जात. ताजेपणा ही तेव्हा वेगळी सांगावयाची गोष्टच नव्हती.

पाहुणे बदलले, पदार्थ बदलले

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर हे चित्र पालटू लागले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांतील हिप्पी तरुण-तरुणी कळंगुट, बागा व हणजूण येथे येऊन राहिली. त्यांच्यासाठी गावातील कुटुंबांनी खोल्या दिल्या आणि ओसरीवर केळ्यांची धिरडी, फळांचे रस, अंडी-पाव असे पदार्थ होऊ लागले. पुढे आग्वादच्या किल्ल्यालगत पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेल्या राष्ट्रप्रमुखांनी गोव्यात विश्रांती-बैठक घेतली आणि या किनाऱ्याचे नाव जगभर पोहोचले. त्याच दशकात युरोपातून थेट दाभोळीला येणारी चार्टर विमाने सुरू झाली.

चार्टरने येणारा पाहुणा हिप्पीसारखा महिनोन्‌महिने राहणारा नव्हता. तो ठरावीक दिवसांसाठी येई आणि आपल्या सवयीचे अन्न मागे. भाजलेला पाव, तळलेले बटाटे, कमी तिखटाची मासळी यांना मागणी आली. पुढे रशियन पर्यटकांची संख्या वाढली, तेव्हा कित्येक भोजनगृहांबाहेर रशियन लिपीतील फलक झळकले. त्यानंतर देशांतर्गत पर्यटकांचा ओघ वाढत गेला. तंदुरी, पनीर, उत्तर भारतीय व चिनी धर्तीचे पदार्थ आणि शाकाहारी थाळी यांनी यादी भरून गेली. अलीकडच्या वर्षांत आसगावसारख्या आतल्या गावांतील जुन्या घरांत, बाहेरून आलेल्या भांडवलावर, महागडी भोजनगृहे निघाली आहेत. किनाऱ्यावरील गर्दी टाळणारा खर्चिक पाहुणा तिकडे वळू लागला आहे.

बदल हा दोष नव्हे. बटाटा, मिरची, काजू व अननस ही पिकेच मुळी परदेशांतून येथे आली आणि आज त्यांच्यावाचून गोमंतकीय स्वयंपाक होत नाही. नवे पदार्थ आल्याने दर्जा घसरतो असे मानणे चुकीचे ठरेल. दर्जा घसरतो तो निराळ्याच कारणांनी. ती कारणे चुलीच्या मागे शोधावी लागतात.

मासळी येते कोठून?

पहिले कारण मासळीच्या पुरवठ्यात आहे. यांत्रिक ट्रॉलर आल्यानंतर किनाऱ्यालगतच्या रापणीस मिळणारी मासळी रोडावली. त्याविरुद्ध १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रापणकारांनी आंदोलन केले आणि १९८० साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. परंतु मागणी वाढतच राहिली. आज इसवण, पापलेट व मोठी सुंगटे वर्षभर हवी असतात. ती पुरविण्यासाठी परराज्यांतूनही मासळी आणावी लागते. जून व जुलै या दोन महिन्यांत, माशांच्या विणीच्या काळात, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी ६१ दिवस बंद असते. तरीही कित्येक यादींत त्या दिवसांतही तीच मासळी दिसते. ती बर्फातली असते किंवा दुरून आलेली असते. पाहुण्याला मात्र हे क्वचितच सांगितले जाते.

या लांबलेल्या वाटेचा धोका जुलै २०१८ मध्ये सर्वांच्या लक्षात आला. मडगावच्या घाऊक बाजारात आलेल्या मासळीत फॉर्मेलिन वापरल्याचा संशय निर्माण झाला आणि राज्य शासनाने परराज्यांतील मासळीची आवक पंधरा दिवस थांबविली. त्या काळात पाहुण्यांनीच नव्हे, तर गोमंतकीय घरांनीही मासळीकडे पाठ फिरविली. वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास आठवडाभरात कसा डळमळतो, याचा तो धडा होता.

येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बांगडा, तारली, कुपा यांसारखी मासळी उष्ण हवेत तशीच राहिली, तर तिच्यात हिस्टामिन हे द्रव्य तयार होते. त्यामुळे अंगावर लाली येणे, खाज सुटणे, डोके दुखणे असे विकार उद्भवतात. हे द्रव्य नंतर कितीही शिजविले वा तळले, तरी नाहीसे होत नाही. मसाला कितीही झणझणीत असला, तरी त्याने शिळेपण झाकता येईल. विष उतरविता येणार नाही. होडीतून मासळी उतरताच तिला पुरेसा बर्फ देणे आणि तो बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असणे, हाच त्यावरील उपाय होय.

चुलीपाशी कोण उभे आहे?

दुसरे कारण मनुष्यबळाचे आहे. गोमंतकीय आचाऱ्यांचा लौकिक जुना आहे. मुंबईची हॉटेले, आगगाड्या व बोटी यांवर त्यांनी कित्येक पिढ्या काम केले. आजही गावातील कुशल हात आखातात, युरोपात व पर्यटक-जहाजांवर जातात आणि गावातल्या चुलीपाशी दूरच्या राज्यांतून आलेली मुले उभी राहतात. ती कष्टाळू असतात. परंतु तिरफळ केव्हा घालावे, शाकुतीचे खोबरे किती भाजावे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. मग तयार मसाल्याची पुडी फुटते आणि हुमण, शाकुती व काफ्रेयाल यांची चव एकसारखी लागू लागते. यात दोष त्या मुलांचा नसून त्यांना न शिकविणाऱ्या मालकाचा आहे.

वाळूवरील शॅकच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. बांबू व झावळ्यांचे हे हंगामी मांडव स्थानिक तरुणांना स्वयंरोजगार मिळावा, या हेतूने पर्यटन खात्यामार्फत दिले जातात. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेनेही गोव्याच्या किनाऱ्यावर सप्टेंबर ते मे या काळापुरत्या तात्पुरत्या बांधकामांना विशेष तरतुदीने वाव दिला आहे. परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच शॅक चालवावा, ही त्यामागील मूळ भूमिका होय. परंतु परवानाधारक घरी बसून भाडे घेतो आणि शॅक तिसराच चालवितो, अशा तक्रारी वारंवार येतात. भाडे भरणाऱ्याला आठ महिन्यांत ते वसूल करावयाचे असते. पाहुणा पुढच्या वर्षी परत यावा, याची त्याला फिकीर कशाला असेल? अवाच्या सवा बिले, उरलेल्या अन्नाचा पुनर्वापर आणि गिऱ्हाईकाशी उद्धटपणा यांचे मूळ बहुधा अशा व्यवहारात सापडते.

विस्मरणात गेलेले ताट

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. किनाऱ्यावर ‘गोमंतकीय’ म्हणून जे मिळते, ते मुख्यतः ख्रिस्ती घरांतील व मांसाहारी असते. ते उत्तमच आहे. पण ते अर्धेच ताट आहे. हिंदू घरांतील खतखते, मुगागाठी, आळसांद्यांचे तोणाक, फणसाची भाजी, सोलांची कढी हे पदार्थ किनाऱ्यावर अभावानेच आढळतात. शाकाहारी पाहुणा सहकुटुंब येतो, पनीर खातो आणि गोव्याची शाकाहारी चव कशी असते, हे न कळताच परततो. तसेच, पावसाळ्यासाठी वैशाखातच करून ठेवावयाची बेगमी, म्हणजे ‘पुरुमेंत’. तिच्यातील सुके बांगडे, सुकी सुंगटे, आमसुले व लोणची हे पावसाळी ताटाचे वैभव होते. मासेमारी बंद असलेल्या दिवसांत शिळे इसवण विकण्याऐवजी सुंगटांची किसमूर वाढली, तर त्यात कमीपणा कसला?

या दिशेने काही पावले पडली आहेत. काजू फेणीला २००९ साली आणि बेबिंक या मिष्टान्नाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ ते २०२६ या कालावधीसाठीच्या शॅकविषयक धोरणात गोमंतकीय पदार्थ देण्यावर भर देण्यात आला. अट घातल्याने हुमण-भात यादीत येईल, हे खरे. तो रुचकर होईल, याची हमी मात्र आचाऱ्याच्या हातीच आहे.

कायदा आणि सवय

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचे नियम २०११ पासून अमलात आहेत आणि प्रत्येक भोजनगृहास, मग ते झावळ्यांचे का असेना, नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. थंड ठेवावयाचे अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली व गरम ठेवावयाचे ६० अंशांच्या वर असावे, कच्च्या मासळीची सुरी व फळी वेगळी असावी, तळणीचे तेल पुनःपुन्हा वापरू नये, हे नियम खर्चाचे कमी व सवयीचे अधिक आहेत. कचऱ्याचेही तसेच आहे. साळगाव येथील घनकचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून चालू आहे. परंतु ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे काम भोजनगृहाच्या मागील दारीच व्हावे लागते. वाळूत पुरलेला कचरा पहिल्या भरतीला पुन्हा वर येतो.

निरीक्षक वर्षातून थोड्याच वेळा येऊ शकतो. गाव मात्र रोज तेथे असते. पंचायत व ग्रामसभा यांनी हंगामाच्या प्रारंभी भोजनगृहचालकांची बैठक घ्यावी, दरपत्रक दर्शनी भागी लावण्याचा आग्रह धरावा आणि त्या दिवशी किनाऱ्यावर आलेली मासळी फळ्यावर लिहिण्याची प्रथा पाडावी. स्वयंसाहाय्य गटांतील स्त्रियांनी वाटलेले मसाले व पुरुमेंताचे जिन्नस भोजनगृहांनी घेतले, तर चवही सुधारेल आणि पैसाही गावात राहील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघरच्या आजींकडून ऋतुमानाप्रमाणे होणारे पदार्थ लिहून घेतले, तर तो शाळेचा उत्तम प्रकल्प होईल आणि उद्याच्या आचाऱ्याचे पहिले पुस्तकही.

पूर्वीच्या तावेर्नात पाहुणा आणि मालक एकाच हुमणाच्या मडक्यातून जेवत. मालक स्वतः जे खाई, तेच पाहुण्याला वाढी. म्हणून तेथे निरीक्षकाची गरज नव्हती. काळ बदलला, पाहुणे बदलले, चुलीही बदलल्या. परंतु भोजनगृहाच्या दर्जाची खरी कसोटी आजही तीच आहे. आपल्या मुलाबाळांच्या पानात जे वाढावयास मन कचरते, ते पाहुण्याच्या पानात पडता कामा नये. एवढे पथ्य किनाऱ्यावरील प्रत्येक चुलीने पाळले, तर पाहुणा पुन्हा येईल आणि त्याच्याबरोबर येणारा पैसा बोटीपासून बाजारापर्यंत गावातील घराघरांत पोहोचेल.