उष्णतेची वाट

फाल्गुन सरत आला की विदर्भात उन्हाचा ताप जाणवू लागतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा कित्येक दिवस 45 अंश सेल्सिअसच्याही वर चढतो. पूर्वी अशा दिवसांत लोक दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. पुढे कूलर आले आणि आता पुष्कळ घरांतून वातानुकूल यंत्र, म्हणजे एसी, दिसू लागले आहे. मात्र हिवाळाभर बंद असलेले हे यंत्र ऊन तापताच एकाएकी सुरू करणे इष्ट नव्हे. त्याची सिद्धता आधी केली पाहिजे. आणि त्यासाठी ते काय काम करते हे प्रथम समजले पाहिजे.

हे यंत्र थंडी निर्माण करते असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. माठातील पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. यंत्रातही हाच नियम आहे. खोलीतील भागात नळ्यांचे एक वेटोळे असते. त्यातील द्रव, ज्याला लोक गॅस म्हणतात, खोलीची उष्णता शोषून वायुरूप होतो. बाहेरच्या भागातील कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळे तो अधिकच तापतो. बाहेरच्या वेटोळ्यातून जाताना तो आपली उष्णता तेथील हवेला देतो व पुन्हा द्रवरूप होऊन आत परततो. हा फेरा अखंड चालू असतो.

असे यंत्र अमेरिकेतील विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने 1902 साली योजिले, ते माणसांसाठी नव्हे, तर कागदासाठी! ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद प्रसरण पावे आणि कोरड्या हवेने आकसे. त्यामुळे रंगीत छपाईतील रंग नेमक्या जागी उमटत नसत. हवेतील ओलावा काढण्याकरिता ती योजना होती. आजही हे यंत्र हवा गार करताना तिच्यातील ओलावा काढते. तेच पाणी नळीवाटे बाहेर ठिबकते.

‘दीड टनाचा एसी’ असे आपण ऐकतो. हे त्याचे वजन नव्हे. सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता एक टनाचे यंत्र तेवढ्याच वेळात खोलीबाहेर नेऊ शकते. एवढे ओझे वाहणाऱ्या यंत्राची वाट मोकळी ठेवणे, हेच त्याच्या सिद्धतेचे सार होय.

प्रथम विजेचे मुख्य बटण बंद करावे. मग आतील भागाची झडप उघडून धूळ अडवणारी जाळी काढावी, साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवावी. कडक उन्हाने ती वाकडी होते. यंत्र रोज चालू असेल तेव्हा दर पंधरवड्यास ही जाळी धुणे हिताचे असते. हे काम मुलांनाही मोठ्यांच्या देखत करता येईल. जाळी धुळीने बुजली की वेटोळ्याला पुरेशी हवा मिळत नाही व त्यावर बर्फ जमतो. बर्फ दिसला म्हणजे यंत्र उत्तम चालले आहे असे कोणी समजू नये. ते त्याच्या आजाराचे लक्षण आहे. पाण्याची नळीही तुंबलेली नाही ना, हे पाहावे. नाही तर पाणी भिंतीवरून ओघळू लागते.

बाहेरच्या भागावर वर्षभराची धूळ, वाळलेली पाने, कधी पारव्यांचे घरटे साचलेले असते. तेथे हवा अडली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरला अधिक श्रम पडतात आणि वीज अधिक लागते. म्हणून हा भाग स्वच्छ हवा व त्याच्यापुढे मोकळी जागा हवी. परंतु हे काम जाणत्या कारागिराचेच आहे. वीज बंद केल्यावरही आतील काही भागांत विद्युतभार शिल्लक राहतो. शिवाय उंच गच्चीच्या वा खिडकीच्या कडेला तोल जाण्याचे भय असते.

‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ असा एक समज आहे. तो खरा नव्हे. नळ्या चहूकडून बंद असतात. गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठे तरी गळती आहे. ती बुजवल्यावाचून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. यात पैसा जातो, तशी पृथ्वीचीही हानी होते. आर-22 या जुन्या गॅसने वातावरणातील ओझोनचा थर झिजतो. असे पदार्थ वापरातून काढण्यासाठी 1987 साली माँट्रियल येथे राष्ट्रांचा करार झाला. आर-32 हा नवा गॅस ओझोनला अपाय करीत नाही. तथापि हवेत सुटल्यास तोही पृथ्वीची उष्णता वाढवतो.

यंत्र सिद्ध झाले, तरी ते विवेकाने वापरावे. भारतात 1 जानेवारी 2020 पासून तारांकित घरगुती यंत्रे सुरू करताच 24 अंशांवर चालतील अशी योजना करण्यात आली. खिडक्यांच्या फटी बुजवून, पडदे ओढून व पंखा मंद चालवून 24 अंशांत सुखाने राहता येते. याहून खाली जाण्याचा हट्ट कशासाठी? खोलीतील उष्णता नाहीशी होत नाही. ती बाहेर पडते. बाहेर रस्त्यावर भाजीवाली बसलेली असते, हमाल ओझे वाहत असतो. आणि यंत्रासाठी कोराडी व चंद्रपूर येथे कोळसा जाळूनच वीज निर्माण करावी लागते. आपल्या गारव्याची किंमत दुसऱ्याने किती द्यावी, याचा विचार ज्याच्या मनात जागा असतो, त्याच्याच हाती हे यंत्र शोभते.

स्वाध्याय

1. ‘यंत्र थंडी निर्माण करीत नाही,’ हे माठाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
2. वेटोळ्यावर बर्फ का जमतो?
3. गळती न बुजवता गॅस भरण्यास फुटक्या घागरीची उपमा का दिली आहे?
4. आपल्या घरी वा शाळेत वीज न वापरता उन्हाळ्यात गारवा कसा राखता येईल, यावर दहा ओळी लिहा.