कोरियात एक सत्र: नाशिकच्या विद्यार्थ्याला किती खर्च येतो?

एक्स्चेंजसाठी कोरियाला जायचं ठरलं की घरात सर्वांत आधी फीचा विषय निघतो, आणि नेमका तोच खर्च इथे नसतो. दोन विद्यापीठांमध्ये करार असेल तर विद्यार्थी आपल्या कॉलेजची नेहमीची फी भरत राहतो आणि कोरियातलं विद्यापीठ त्याच्याकडून ट्यूशन फी घेत नाही. पैसे जातात ते राहण्याला, जेवणाला, विमानाला आणि निघण्याआधीच्या कागदपत्रांना. १ रुपयाला १६ वॉन असा ढोबळ भाव धरला आणि वसतिगृहात जागा मिळाली, तर सोलमधल्या चार महिन्यांच्या सत्राला सव्वाचार लाख रुपयांच्या आसपास तयारी हवी. देजॉन, देगू, ग्वांगजू अशा शहरांत साडेतीन लाखांत भागतं. यात अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचे ५० हजार धरलेले आहेत. ते कापून हिशेब बसवू नका.

पण आधी करार खरा आहे का ते पाहा. नाशिकची बहुतेक पारंपरिक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर काही खासगी विद्यापीठं स्वतंत्र आहेत. त्यामुळे करार कॉलेजच्या नावावर आहे की विद्यापीठाच्या, आणि विद्यापीठाच्या करारात संलग्न कॉलेजची मुलं बसतात की फक्त आवारातल्या विभागांची, हे लेखी विचारा. एक्स्चेंजसाठी नाव पाठवतं ते तुमचंच कॉलेज किंवा विद्यापीठ. मधे एजंट लागत नाही. कुणी फी घेऊन ‘कोरिया एक्स्चेंज’ देऊ करत असेल तर व्हिसा कोणता ते विचारा. एक्स्चेंजचा व्हिसा डी-२-६ असतो. उत्तर डी-४ आलं, तर तो भाषावर्ग आहे. भाषा शिकायला जाणं चांगलंच, पण तिथल्या विद्यापीठांच्या दहा आठवड्यांच्या भाषावर्गाची फी साधारण १३ ते १८ लाख वॉन असते, म्हणजे सुमारे ८० हजार ते १ लाख १२ हजार रुपये. ‘व्हिजिटिंग स्टुडंट’ म्हणून गेलात, तर तिथली पूर्ण फी भरावी लागते.

दुसरा कागद क्रेडिटचा. तिथे शिकलेले विषय इथे धरले जातील, असं विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग या दोघांकडून विषयांच्या नावांसह सहीनिशी घ्या. हा कागद राहून गेला आणि परत आल्यावर सत्र पुन्हा करावं लागलं, तर जाणाऱ्या वर्षापुढे वरचा सगळा हिशेब किरकोळ वाटेल. मी पालक असते तर या सहीशिवाय तिकीट काढलं नसतं.

निघण्याआधीचे खर्च छोटे आहेत, पण सुटे सुटे येतात. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. ९० दिवसांहून जास्त मुक्कामाच्या एकेरी प्रवेशाच्या व्हिसाचा सर्वसाधारण दर ६० डॉलर आहे. इतक्या मुक्कामासाठी भारतीयांना क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते कोणत्या रुग्णालयाचं चालतं, हे मुंबईतल्या दक्षिण कोरियाच्या वाणिज्य दूतावासाकडून कळल्यावरच छातीचा एक्स-रे काढा, नाहीतर तपासणीचे पैसे दोनदा जातात. गुणपत्रिकांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, मागितलं, तर परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपयेच आहे, बाकीचे पैसे मधल्या सेवेचे. त्याआधी राज्य शासनाचा शिक्का लागतो आणि त्यात आठवडे जातात. मुंबईची खेप पंचवटी एक्स्प्रेसने एका दिवसात होते. या सगळ्याला मिळून १५ ते २० हजार रुपये धरा.

बँकेतली शिल्लक हा खर्च नाही, पण ती दाखवावी लागते. पदवीसाठी जाणाऱ्यांना सोल परिसरात २ कोटी वॉन, इतरत्र १ कोटी ६० लाख वॉन असा आकडा आहे. एका सत्राच्या एक्स्चेंजसाठी विद्यापीठं सहसा यापेक्षा बरंच कमी मागतात. नेमका आकडा प्रवेशपत्रासोबत येतो. आई-वडिलांच्या खात्यात ही रक्कम अचानक एका दिवसात जमा झालेली दिसू नये. मुदत ठेव मोडायची असेल तर दोन-तीन महिने आधी मोडा.

मुंबई ते इन्चॉन जाऊन-येऊन तिकीट वेळेत काढलं तर ४५ ते ६० हजारांत बसतं. नाशिकच्या ओझर विमानतळाहून दिल्ली आणि तिथून पुढे असाही मार्ग आहे. पण दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही आणि सामानाची मर्यादाही वेगळी लागते.

आता राहण्याकडे येऊ, कारण बजेट बसणार की कोलमडणार हे इथे ठरतं. वसतिगृहात दोघांच्या खोलीत सोलला सत्राचे साधारण १२ ते १६ लाख वॉन पडतात. लहान शहरांत ७ ते १० लाख वॉनमध्येही जागा मिळते. अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास चालतं. शेवटचा दिवस संध्याकाळी सहाला संपत असेल, तर नाशिकमध्ये तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात. वसतिगृह हुकलं तर पुढचा पर्याय गोशीवॉन. ही पलंग आणि टेबल मावेल एवढीच खोली, स्वयंपाकघर सामाईक, आणि भाडं महिना साडेतीन ते सहा लाख वॉन. यात मोठी अनामत नसते आणि बऱ्याच ठिकाणी भात फुकट मिळतो. स्वतंत्र ‘वन रूम’चं भाडं ५ ते ७ लाख वॉन दिसतं, पण आधी ५० लाख ते १ कोटी वॉन अनामत ठेवावी लागते. म्हणजे तीन ते सहा लाख रुपये अडकले. एका सत्रासाठी हा मार्ग घेऊ नका.

राहण्याच्या या खर्चामुळेच मी सोलचा आग्रह सोडायला सांगते. मुलांना सोल हवं असतं, मालिका आणि गाणी पाहून ते मनात बसलेलं असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण देजॉनहून वेगवान रेल्वेने तासाभरात सोल गाठता येतं. शनिवार-रविवारी जाऊन या. तळेगावला ह्युंदाई, रांजणगावला एलजी, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्को अशा कोरियन कंपन्या आपल्या राज्यात आहेत. पुढे त्यांच्या दारात उभं राहताना, कोरियात कुठे राहिलात यापेक्षा भाषा किती आली हे विचारलं जाईल. लहान शहरात इंग्रजी कमी कानावर पडतं, त्यामुळे भाषा लवकर येते.

जेवणाला महिना साडेतीन ते साडेचार लाख वॉन धरा. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये ताट ५ ते ७ हजार वॉनला मिळतं. अनेक विद्यापीठांत सरकारी मदतीने १ हजार वॉनमध्ये नाश्ता मिळतो, म्हणजे सुमारे ६० रुपयांत भात, सूप आणि भाजी. संख्या मर्यादित असते, लवकर उठावं लागतं. शाकाहारी घरातल्या मुलांनी मात्र आधीच मनाची तयारी करावी. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणीही वाळक्या मासळीचं असू शकतं. मांस न घातलेलं बिबिंबाप, फळं, तोफू, अंडं चालत असेल तर अंडं, यावर दिवस निघतात, पण त्यासाठी थोडं शिजवता यायला हवं. बऱ्याच वसतिगृहांच्या खोल्यांत शेगडी चालत नाही, म्हणून अर्ज करतानाच सामाईक स्वयंपाकघर आहे का ते बघा. तूरडाळ, पोहे, मसाले सोलच्या इतेवॉनमध्ये मशिदीजवळच्या दुकानांत मिळतात, महाग पडतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी घरून न्या. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. द्राक्षांची पेटी विमानतळावरच जप्त होईल.

फिरण्याचा खर्च आटोक्यात राहतो. सोलमध्ये भुयारी रेल्वेचं किमान भाडं १,५५० वॉन, बसचं १,५००. रोज प्रवास असेल तर ३० दिवसांचा ६२ हजार वॉनचा ‘क्लायमेट कार्ड’ पास घ्यावा. वसतिगृह आवारातच असेल तर पासाची गरज नाही.

पहिला महिना पैशाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड. पोचल्यापासून ९० दिवसांत रेसिडेन्स कार्ड काढावं लागतं. त्याचे सुमारे ३५ हजार वॉन. कार्ड हाती येईपर्यंत प्रीपेड सिमवरच राहावं लागतं आणि बँकेतही अडचण येते. खातं उघडलं तरी सुरुवातीला दिवसाला थोडेच पैसे पाठवता येतात. अनेक फॉरेक्स कार्डांवर वॉन भरता येत नाहीत. डॉलर भरायचे आणि तिथे पुन्हा बदलायचे, असं दोनदा नुकसान होतं. त्यामुळे वसतिगृहाचे पैसे नाशिकच्या बँकेतून थेट विद्यापीठाला पाठवा आणि पहिल्या महिन्यासाठी ५ ते ६ लाख वॉन रोख जवळ असू द्या. शिक्षणासाठी वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत परदेशी पाठवताना टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, कापला जात नाही.

विम्याचे पैसे दोनदा भरू नका. मार्च २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना कोरियाचा राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि सवलत धरून महिन्याला ७५ ते ८० हजार वॉन लागतात. डी-२ व्हिसावर तो रेसिडेन्स कार्डाच्या नोंदणीपासून सुरू होतो. म्हणून भारतातून पॉलिसी घ्यायची ती सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांची, विद्यापीठाने वेगळी अट घातली नसेल तर. हप्ते थकले तर व्हिसा वाढवताना अडतं.

‘तिथे काम करून खर्च काढेन’ या भरवशावर मुलाला पाठवू नका. २०२६ चं किमान वेतन ताशी १०,३२० वॉन आहे आणि आकडा मोहात पाडतो. पण कामासाठी विद्यापीठाची आणि इमिग्रेशन कार्यालयाची परवानगी लागते, कोरियन किती येतं ते पाहिलं जातं, आणि एका सत्रात ही परवानगी हाती येईपर्यंत परीक्षा आलेली असते. परवानगीशिवाय काम केलं तर दंड होतो, परत पाठवलंही जाऊ शकतं. शिष्यवृत्तीचंही स्पष्ट सांगते: राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे, एका सत्राच्या एक्स्चेंजला ती मिळत नाही. तिथलं विद्यापीठ वसतिगृहात सूट देतं का, ते मात्र पत्र लिहून विचारा.

वसंत सत्र मार्चच्या सुरुवातीला आणि शरद सत्र सप्टेंबरला सुरू होतं. सप्टेंबरला गेलेल्याला डिसेंबर गाठतो. निफाडची थंडी सोसलेल्यालाही उणे दहा अंशांचा वारा नवा असतो. जाड कोट इथून नेऊ नका, तिथे ‘डांगन’ या अ‍ॅपवर वापरलेला स्वस्तात मिळतो. सप्टेंबरला जायचं असेल तर कॉलेजकडून नाव साधारण मार्च-एप्रिलमध्ये जातं, मार्चला जायचं असेल तर आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पासपोर्ट त्याआधी हातात हवा.