'न्यूड'चे अभिग्रहण : पाहण्याआधी झालेला वाद

एखादी कलाकृती वादग्रस्त ठरते तेव्हा तो वाद त्या कलाकृतीविषयीच असतो, असे नाही. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर'वरून १९७२ साली जे वादळ उठले, ते नाटक रंगमंचावर आल्यानंतर. आक्षेपकांसमोर निदान प्रयोग तरी होता. रवी जाधव दिग्दर्शित 'न्यूड' या मराठी चित्रपटाच्या बाबतीत हा क्रम उलटला. येथे शीर्षक हीच संहिता मानली गेली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात भरलेल्या ४८ व्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'इंडियन पॅनोरमा' विभागाचा आरंभ 'न्यूड'ने व्हावा, अशी परीक्षकांची निवड होती. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने हा चित्रपट, तसेच सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम चित्रपट 'एस दुर्गा', यादीतून वगळला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षण समितीने कोणतीही काटछाट न सुचविता चित्रपटास 'ए' प्रमाणपत्र दिले आणि २७ एप्रिल २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला. मधल्या पाच महिन्यांत चित्रपटाविषयीची मते दृढ झाली होती. सर्वसामान्य प्रेक्षकाने मात्र तो पाहिलेला नव्हता.

वस्तुतः हा आक्षेप चित्रपटाने आपल्या कथनातच सामावून घेतला आहे. सचिन कुंडलकर यांनी लिहिलेल्या या कथेतील यमुना (कल्याणी मुळे) नवऱ्याचे घर सोडून मुलासह मुंबईत चंद्राक्काच्या (छाया कदम) आश्रयाला येते. चंद्राक्का सर ज. जी. कला महाविद्यालयात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसण्याचे काम करते, हे कळताच पहिला धक्का बसतो तो यमुनेलाच. प्रेक्षकाचा संकोच तिच्या नजरेतून व्यक्त होतो. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी ती तेच काम पत्करते. ज्याच्यासाठी हे कष्ट, त्याच्यापासूनच ते लपवावे लागतात. चित्रपटातील खरा ताण येथे आहे. वर्गातील नग्नता ही ठरावीक तासांची, मोबदल्याची, अंग अवघडून टाकणारी मेहनत आहे. लाज आहे ती वर्गाबाहेरच्या जगात.

चर्चेत नेमका हाच आशय हरवला. एका पक्षाने संस्कृतीचा, दुसऱ्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेतला. स्वातंत्र्याचा आग्रह न्याय्य होता. परंतु तो प्रामुख्याने दिग्दर्शकाच्या हक्कापुरता राहिला. मॉडेल म्हणून राबणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचा, प्रतिष्ठेचा प्रश्न दोन्हीकडे गौण ठरला. या उणिवेला चित्रपटही काही अंशी कारण आहे. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला, हुसेन यांची आठवण करून देणारा चित्रकार मलिक कलेतील नग्नतेचे तात्त्विक समर्थन करतो, तेव्हा यमुनेच्या अनुभवापेक्षा विधान वरचढ होते. यमुना व चंद्राक्का यांच्या साध्या संवादांतून जे आपोआप सिद्ध होते, त्यास अशा भाष्याची गरज नव्हती.

अभिग्रहणाच्या अभ्यासकाने म्हणूनच येथे तीन ग्राहक वेगळे ओळखले पाहिजेत : केवळ शीर्षक वाचणारा, निवड वा परीक्षणाच्या अधिकाराने पाहणारा आणि चित्रपटगृहात बसून पाहणारा. पहिल्याचा आवाज सर्वांत मोठा होता. 'न्यूड'चे मूल्यमापन मात्र तिसऱ्याच्या अनुभवापासूनच सुरू होऊ शकते.