चित्रांचा लिलाव करून निधी उभा करायचाय? आधी चित्रकाराचा वाटा ठरवा



लिलावावरच्या व्हिडिओत मी हिशेब पटापट सांगून टाकला, कारण स्क्रीनवर आकडे जास्त वेळ राहिले की लोक व्हिडिओ पुढे ढकलतात. इथे तोच हिशेब सावकाश करू. वही-पेन घेऊन बसा.

विषय असा. आपल्या नेरळ-कर्जत पट्ट्यात डोंगर रंगवणारे बरेच हात आहेत. कोणी शाळेत चित्रकला शिकवतं, कोणी बोर्ड रंगवतं, कोणी सीझनमध्ये माथेरानला चित्रं विकतं. पेबचा किल्ला, गारबेटचं पठार, कोथळीगडाचा सुळका, पावसातली उल्हास नदी हे त्यांचे विषय. माझं फ्रेमिंगचं दुकान असल्यामुळे अशी चित्रं हातात येतात. आता समजा, गावातल्या मुलांच्या चित्रकला वर्गासाठी एक खोली नीट करायची आहे आणि मंडळातलं कोणीतरी म्हणतं, "चित्रकारांकडून एकेक चित्र घेऊ, लिलाव करू, पैसे उभे राहतील." कल्पना चांगलीच आहे. पण "एकेक चित्र घेऊ" म्हणताना ते फुकट घेऊ असंच बहुतेकांच्या मनात असतं, आणि गणित तिथेच फसतं.

मोठ्या जगातलं उदाहरण बघा. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांचं १९५४ सालचं 'ग्राम यात्रा' हे चित्र १९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला, म्हणजे साधारण ११८ कोटी रुपयांना गेलं. पैसे गेले नॉर्वेतल्या ओस्लोच्या हॉस्पिटलला, डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी. हे चित्र एका डॉक्टरने विकत घेतलं होतं आणि नंतर हॉस्पिटलला दिलं होतं. म्हणजे दान केलं मालकाने, चित्र विकत घेतल्यावर. चित्रकाराला त्याची किंमत आधीच मिळालेली होती. आपण गावात करतो ते वेगळं. आपण थेट चित्रकाराकडेच दान मागतो आणि टाळ्या मात्र बोली लावणाऱ्याला मिळतात.

त्यात करही आहे. गावातल्या डॉक्टरांनी ८०जी असलेल्या संस्थेला दहा हजारांचा चेक दिला तर जुन्या कर पद्धतीत त्यांना वजावट मिळू शकते. चित्रकाराने दहा हजारांचं चित्र दिलं तर काही मिळत नाही, कारण ही वजावट पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही. खोलीतला सगळ्यात कमी कमाईचा माणूस सगळ्यात मोठी देणगी देतो आणि पावतीही त्याच्या उपयोगाची नसते. म्हणून माझा नियम सरळ आहे : चित्रकाराचा वाटा आधी ठरवायचा, लेखी ठरवायचा. ४० टक्के म्हणा, ५० म्हणा. कोणाला स्वतःहून सगळं द्यायचं असेल तर उत्तमच, पण ते त्याने म्हणावं, आपण गृहीत धरू नये.

आता आकडे. हे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे दर घालून बघा.

२४ चित्रं. प्रत्येकी ८५० रुपयांची फ्रेम, म्हणजे २०,४००. हॉल ८,०००. माईक-स्पीकर ३,०००. चित्रांची यादी छापायला ४,०००. शंभर माणसांचा चहा-वडापाव ४० रुपयांप्रमाणे ४,०००. एकूण खर्च ३९,४०० रुपये.

२४ पैकी १८ चित्रं गेली, सरासरी ४,५०० ला. जमा ८१,०००. ऐकायला झकास! त्यातले ४० टक्के चित्रकारांचे, म्हणजे ३२,४००. उरले ४८,६००. त्यातून खर्च वजा केला की हातात ९,२०० रुपये.

शंभर माणसं, महिनाभराची धावपळ आणि खोलीसाठी ९,२००. इथे आल्यावर मंडळातलं कोणीतरी नक्की म्हणणार, "मग चित्रकारांचे ४० टक्के कशाला?" तुम्हीही मनात तेच म्हणालात का? थांबा. आधी खर्चाकडे बघा. सगळ्यात मोठा आकडा फ्रेमचा आहे, आणि फ्रेमला प्रायोजक मिळतो. गावातल्या दुकानदाराकडे जा : "काका, एका चित्राची फ्रेम तुमच्याकडून, ८५० रुपये, यादीत चित्राखाली दुकानाचं नाव." अशी २४ दुकानं नेरळच्या बाजारात मिळतात. हॉल एखाद्याने दिला तर आणखी ८,००० वाचले. झाले ३७,६००.

दुसरी जमा कार्डांची. ज्याला साडेचार हजारांचं चित्र परवडत नाही, तोही रिकाम्या हाताने घरी जायला नको. चित्रांच्या पोस्टकार्डांचा संच १०० रुपयांना, छपाई ३५, चित्रकारांना १० रुपये, संस्थेला उरले ५५. दीडशे संच गेले तर ८,२५०. एकूण ४५,८५०. चित्रकाराच्या वाट्याला हातही न लावता आकडा पाचपट झाला.

कार्डांची कल्पना माझी नाही, आपल्याच घाटातली आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. मूळ तैलचित्र राजेरजवाड्यांकडे, पण छापील लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या. (धंदा म्हणून तो छापखाना त्याला झेपला नाही, शेवटी जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला. त्यावर वेगळा व्हिडिओ करायचाय.)

कार्डं छापण्याआधी चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्क विकला, असं होत नाही. कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो. उद्या एखाद्या रिसॉर्टवाल्याने लिलावात घेतलेलं चित्र मेनूकार्डावर छापायचं म्हटलं तरी त्याला परवानगी लागेल. यादीत ही एक ओळ टाकाच. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते : कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांच्या वर असेल, तर त्यातला वाटा मागायचा हक्क चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना आहे. कमाल मर्यादा १० टक्के. म्हणून बिलावर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, आकार, वर्ष सगळं हवं.

आता राखीव किंमत. हा भाग नीट वाचा. दुकानात चित्रकार चार हजारांचं चित्र ओळखीच्या माणसाला दोन हजारांत देतो, ते दोघांतच राहतं. लिलावात किंमत शंभर माणसांसमोर पुकारली जाते. "पेबचं चित्र, पंधराशे एक वार, दोन वार, तीन वार" असं एकदा झालं की पुढच्या महिन्यात त्याच्याकडे येणारा प्रत्येक गिऱ्हाईक पंधराशेच म्हणणार. तुमचा कार्यक्रम एका संध्याकाळचा, त्याचा भाव वर्षभरासाठी पडला. म्हणून चित्रकाराच्या नेहमीच्या दराखाली बोली सुरूच करायची नाही. चित्र राहिलं तर राहू दे. वरच्या हिशेबात सहा चित्रं न विकलेली मी मुद्दाम धरली आहेत. ती फ्रेमसकट चित्रकाराला परत द्या.

उलट भाव चढवण्यासाठी आपलाच माणूस गर्दीत बसवायचा मोह होतो. तो टाळा. मालविक्री कायदा १९३०, कलम ६४ : विकणाऱ्याने बोली लावायचा हक्क आधी जाहीर करून राखून ठेवला नसेल, तर त्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावणं बेकायदा आहे, आणि घेणारा असा सौदा फसवणूक मानू शकतो. त्याच कलमात हेही आहे की हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा माघार घेऊ शकतो. म्हणजे "तीन वार" म्हणायच्या आत कोणी नको म्हणालं तर भांडायचं नाही. राखीव किंमत ठेवायला कायद्याची हरकत नाही, फक्त ती ठेवली आहे हे सुरुवातीला सांगा.

मग भाव चढतो कशाने? हैदराबादच्या बाळापूर गणपतीचा लाडू आठवा. १९९४ साली पहिली बोली ४५० रुपये होती. २०२४ मध्ये तोच लाडू ३० लाख १ हजाराला गेला. लाडवाची चव तेवढी वाढली नाही! बोली लावणाऱ्याला चार लोकांत मान हवा असतो, आणि समोर दुसरा तेवढाच हट्टी माणूस हवा असतो. एका चित्रासाठी दोन माणसं नसतील तर तो लिलाव होत नाही, ती साधी विक्री होते. तेव्हा कार्यक्रमाआधी वहीत प्रत्येक चित्रापुढे दोन नावं लिहा. फार्महाउसवाले, होमस्टेवाले, नवीन फ्लॅट घेतलेले, मुंबईहून शनिवार-रविवार येणारे. होमस्टेवाल्याला भिंतीवर काहीतरी लावायचंच असतं, आणि त्याच्या अंगणातून दिसणारा डोंगर असेल तर तो पाच-सात हजारांपर्यंत सहज जातो. त्याला आधी चित्र दाखवून या. बोली हॉलमध्ये लागते, पण ठरते त्याच्या ओट्यावर.

वेळ हिवाळ्यातली ठेवा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, पाहुण्यांची वर्दळ वेगळी असते, आणि ओलसर हॉलमध्ये कागदावरची चित्रं टिकत नाहीत. मुंबईकर बोलावणार असाल तर परतीच्या लोकलची वेळ बघून सर्वात चांगलं चित्र मध्यावर ठेवा, शेवटी नको.

एक गोष्ट जपून. चित्रांत इर्शाळगड असणारच, तो आहेच तसा देखणा. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यातली ठाकरांची वाडी गेली. पुकारणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की निधी त्या कुटुंबांसाठी नसेल तर त्या रात्रीचं नाव घेऊन बोली चढवायची नाही. पैसे ज्या कामाला जाणार तेच काम माईकवर सांगायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर लोकांकडून निधी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्या, गणपती मंडळं घेतात तीच. चित्र घेणाऱ्याला बिल द्या, देणगीची पावती नाही, कारण त्याने पैशाच्या बदल्यात वस्तू घेतली आहे. फ्रेमचे ८५० देणाऱ्याचं यादीत नाव छापलंय, तेव्हा त्याची नोंद जाहिरात म्हणून करायची की देणगी, हे सीएला आधी विचारा.

पैसे त्याच संध्याकाळी यूपीआयने संस्थेच्या खात्यात, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. पैसे जमा झाल्याशिवाय चित्र भिंतीवरून उतरवायचं नाही, घेणारा कितीही ओळखीचा असो. आणि चित्रकारांचे ४० टक्के सात दिवसांच्या आत, सोबत एक कागद : चित्र कोणी घेतलं, कितीला गेलं, तुमचा वाटा किती. घेणाऱ्याला विचारून त्याचा नंबरही द्या. पुढचं चित्र तो थेट त्याच्याकडून घेईल.